सोमवारी अजिंठा दाखवणाऱ्यांनी आम्हाला कसं फसवलं

छत्रपती संभाजीनगरात आमची टूर्स अँड ट्रॅव्हल्सची छोटी एजन्सी आहे. घरच्या दोन गाड्या आहेत, एक अर्टिगा आणि एक टेम्पो ट्रॅव्हलर. सीझनला ओळखीतल्यांच्या गाड्या लावतो. वेरूळ, अजिंठा, देवगिरी, बीबी का मकबरा हे रोजचं काम. शिवाय घृष्णेश्वर, औंढा नागनाथ आणि परळी वैजनाथ ही मराठवाड्यातली तीन ज्योतिर्लिंगं एका फेरीत करून आणायची, ही आमची खास सहल. बारा वर्षं हा धंदा तोंडोतोंडी चालला. एक कुटुंब खूश होऊन गेलं की पुढच्या सुट्टीत त्यांच्या नात्यातलं दुसरं यायचं.

मग सगळं मोबाइलवर गेलं. आमच्यानंतर सुरू झालेल्या एजन्सीचे रील लोक आम्हालाच पाठवून विचारायचे, "ताई, असं पॅकेज तुमच्याकडे आहे का?" म्हणून २०२४ च्या जूनमध्ये व्यापाऱ्यांच्या एका मेळाव्यात पुण्याच्या डिजिटल मार्केटिंग कंपनीचा माणूस भेटला, तेव्हा आम्ही आधीच तयार होतो. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, प्रकरण तक्रारीत आहे. पण त्यांची पद्धत पायरीपायरीने सांगते. हेच बोल घेऊन ते लातूर, नांदेड, जालना कुठेही जाऊ शकतात.

आठवडाभरात तो आमच्या ऑफिसात आला. सोबत लॅपटॉप आणि एक पोरगी नोंदी घ्यायला. बोलणं अतिशय गोड. "मॅडम, नुसत्या पोस्ट टाकून काही होत नाही. एजन्सीला आधी स्ट्रॅटेजी लागते. पाया नसेल तर जाहिरातीचे पैसे पाण्यात." हे वाक्य मला पटलं, आजही पटतं. म्हणून तर फसले. दीड तास तो बोलला. फनेल, ऑडियन्स, कंटेंट पिलर, ब्रँड टोन. त्या दीड तासात त्याने आम्हाला एकही प्रश्न विचारला नाही, हे माझ्या लक्षात आलं नाही.

विचारलं असतं तर आमच्याकडे उत्तरं होती. ड्रॉवरमध्ये बारा वर्षांच्या बुकिंगच्या वह्या आहेत. कोण कुठून आलं, किती जण होते, कोणाच्या ओळखीने आले, सगळं त्यांत आहे. परळी-औंढ्याला आमच्याकडे तेलंगणातले भाविक जास्त असतात. वेरूळ-अजिंठ्याला पुण्या-मुंबईची कुटुंबं दिवाळीपासून पुढे येतात. अजिंठ्यासाठी थायलंड-जपानकडचे बौद्ध यात्रेकरू येतात, ते दिल्ली-मुंबईच्या मोठ्या एजन्सीमार्फत. ही तीन गिऱ्हाइकं तीन वेगळ्या भाषांतली आणि वेगवेगळ्या महिन्यांतली. त्यांना एकच रील दाखवून कसं चालेल? स्ट्रॅटेजी तिथून सुरू व्हायला हवी होती. त्याने वह्यांकडे बघितलंही नाही.

स्ट्रॅटेजीचे ४५,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५३,१०० रुपये आम्ही आगाऊ भरले. जुलैच्या अखेरीस निळ्या कव्हरची ४२ पानांची फाइल आली. दिसायला देखणी. आमचा लोगो प्रत्येक पानावर. मी ती घरी सगळ्यांना दाखवली.

पान १४ वर आठवड्याचं वेळापत्रक होतं. सोमवार अजिंठा, मंगळवार वेरूळ, बुधवार देवगिरी, असं पुढे. पंधरा वर्षं गाडी चालवलेले आमचे ड्रायव्हर मामा चहा घेत बसले होते. मी वाचून दाखवलं तसे ते म्हणाले, "ताई, सोमवारी अजिंठा बंद ऱ्हाते ना. अन् मंगळवारी वेरूळ." इथल्या रिक्षावाल्याला, रसवंतीवाल्याला माहीत असलेली गोष्ट. जे दोन दिवस लेण्यांना सुट्टी, नेमक्या त्याच दिवशी "आज चला" म्हणून पोस्ट टाकायची होती. वर श्रावण तोंडावर आलेला. श्रावणी सोमवारी आख्खा जिल्हा घृष्णेश्वराकडे निघतो. त्या दिवशी घृष्णेश्वराचं नावही फाइलमध्ये नव्हतं. पुढच्या एका पानावर रीलची संहिता होती: "आमची गाडी तुम्हाला थेट लेण्यांच्या दारात सोडेल." अजिंठ्याला खासगी गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटला लावावी लागते, पुढे एसटीच्या बसने जावं लागतं. हे वाक्य आमच्या नावाने गेलं असतं तर पहिलंच कुटुंब टी-पॉइंटवर आमच्याशी भांडलं असतं. आणि पान ३१ वर, एका परिच्छेदात, "बीचवरचे सूर्यास्त" असा शब्द राहून गेला होता. म्हणजे ही फाइल किनाऱ्यावरच्या कोणत्या तरी एजन्सीसाठी केलेली, नाव बदलून आम्हाला दिलेली.

मी फोन केला. तो हसून म्हणाला, "टायपिंग मिस्टेक आहे मॅडम, टीमला सांगतो." आणि मी गप्प बसले. ५३,१०० देऊन झाले होते, ते वाया गेले असं मानायची मनाची तयारी नव्हती. पुढचे सगळे पैसे त्या एका कारणाने गेले.

ऑगस्टपासून महिना १५,००० कामाचे आणि ३०,००० जाहिरातीचे ठरले. जाहिरातीचे पैसे मेटाला, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या कंपनीला जातात, पण "आमच्या अकाउंटमधून चालवलं की रिझल्ट चांगले येतात, तुमच्या नव्या अकाउंटवर मर्यादा असते," असं त्याने सांगितलं. म्हणून ते ३०,००० दर महिन्याला यूपीआयने त्यांच्याकडे. क्यूआर कोडवर नाव कंपनीचं नव्हतं, एका व्यक्तीचं होतं. विचारलं तर "डायरेक्टरचं खातं आहे" असं उत्तर आलं.

दुसरी चूक याहून मोठी. आमचं फेसबुक पेज मी स्वतः सुरू केलेलं, त्यावर गिऱ्हाइकांचे शेकडो फोटो होते. एके दिवशी मी पाहुण्यांना घेऊन वेरूळच्या पार्किंगमध्ये उभी असताना फोन आला: "मॅडम, एक रिक्वेस्ट आली असेल, फक्त ओके करा." मी केली. पेज दुसऱ्याच्या बिझनेस मॅनेजरमध्ये, म्हणजे पेजं आणि जाहिराती सांभाळायच्या मेटाच्या खात्यात, दोन प्रकारे जोडता येतं. एकात मालकी आपली राहते आणि त्यांना फक्त काम करायची परवानगी मिळते. दुसऱ्यात पेजची मालकीच त्यांच्या बिझनेस मॅनेजरकडे जाते. मी ओके केलं ते दुसरं. स्क्रीनवर ते लिहिलेलं असतं, पण उन्हात उभं राहून कोण वाचतं? तुम्ही मात्र वाचा. समोरचा घाई करत असेल तर घरी जाऊन, चष्मा लावून वाचा.

पहिल्या महिन्याचा रिपोर्ट आला आणि आम्ही हरखून गेलो. इन्स्टाग्रामचे फॉलोअर ९०० वरून ११,४०० झाले होते. रीच, म्हणजे पोस्ट किती जणांपर्यंत पोचली तो आकडा, ३ लाखांच्या वर. रंगीत आलेख, वर जाणारे बाण. यजमानांनी पेढे आणले. फक्त फोन वाजत नव्हता. श्रावणात दरवर्षी निदान पंधरा-वीस गाड्या सुटतात, त्या वर्षी त्या जुन्याच ओळखींच्या सुटल्या. नवीन माणूस एकही नाही. कंपनीवाले म्हणाले, "ब्रँड अवेअरनेसचा टप्पा आहे, तीन महिने थांबा." आम्ही थांबलो. त्या तीन महिन्यांत दिवाळीचं बुकिंग निघून गेलं.

नोव्हेंबरात माझा भाचा घरी आला. इंजिनिअरिंगला आहे. त्याने कुठलाही पासवर्ड न मागता स्वतःच्या मोबाइलवर आमच्या फॉलोअरची यादी उघडली आणि मोबाइल माझ्या हातात दिला. मी अंगठ्याने यादी सरकवत गेले. फोटो नसलेली गोल चिन्हं. नावाच्या जागी अक्षरं आणि आकडे. काही नावं तर अशा लिप्यांत की मला ओळखूही येईनात. एक खातं उघडलं: पोस्ट शून्य. दुसरं उघडलं: शून्य. सतरा-अठरा खाती बघितली, त्यांत वेरूळला कधी येईल असा माणूस एकही सापडला नाही. पैसे देऊन हजारांच्या गठ्ठ्याने विकत मिळणारे फॉलोअर होते ते.

मग त्याने मेटाची अ‍ॅड लायब्ररी उघडली. ही सगळ्यांना खुली असते, लॉगिनसुद्धा लागत नाही. पेजचं नाव टाकलं की त्या घडीला चालू असलेल्या जाहिराती दिसतात. आमच्या रिपोर्टप्रमाणे तेव्हा चार जाहिराती चालू असायला हव्या होत्या. एकही नव्हती. आठ दिवस रोज सकाळ-संध्याकाळ बघितलं. पाचव्या दिवशी एक आली, दोन दिवसांनी गेली. रिपोर्टमध्ये खर्चाचे जे स्क्रीनशॉट होते ते पुन्हा काढून बघितले, तर प्रत्येकाची वरची पट्टी, जिथे अकाउंटचं नाव असतं, ती कापलेली.

कंपनीने "लीड", म्हणजे चौकशी केलेली गिऱ्हाइकं, म्हणून एक एक्सेल शीट दिली होती, २१२ नावांची. मी आणि माझ्या जावेने दोन दुपारी बसून ते सगळे नंबर लावले. बरेच बंद. काही नऊ आकडी. जे लागले त्यांतले बहुतेक म्हणाले, आम्ही कुठे काही विचारलंच नाही. गेवराईचा एक मुलगा भेटला, त्याने नोकरीसाठी कुठे तरी फॉर्म भरला होता. त्याला वाटलं, नोकरीचाच फोन आला. त्याचा आवाज एकदम उजळला होता. त्याला खरं सांगताना मला फार वाईट वाटलं.

आम्ही मेटाच्या पावत्या मागितल्या. जाहिरातीचा प्रत्येक रुपया मेटा पावतीवर देतो, अ‍ॅड्स मॅनेजरच्या बिलिंगमधून ती दोन मिनिटांत निघते. आधी "अकाउंट्सवाला सुट्टीवर आहे" झालं, मग "कंपनी पॉलिसी" झाली. त्यांच्या पहिल्या बिलावरचा जीएसटी नंबर भाच्याने जीएसटीच्या पोर्टलवर टाकला. नोंदणी आमच्या बिलाच्या आधीच रद्द झालेली. म्हणजे कराचे म्हणून घेतलेले ८,१०० रुपयेही खिशात गेले. चार महिन्यांचे मिळून आमचे २,३३,१०० रुपये गेले होते.

काम बंद करतो म्हणून कळवलं, त्याच रात्री माझा पेजवरचा प्रवेश काढून टाकला गेला. पेज परत हवं तर "ट्रान्सफर चार्ज" २५,००० मागितले. आम्ही दिले नाहीत.

डिसेंबरात परभणीच्या एका काकांचा फोन आला. आमच्याबरोबर आधी दोनदा परळी करून आलेले. म्हणाले, "ताई, अ‍ॅडव्हान्स पाठवून चार दिवस झाले, गाडी कधी येणार?" मी म्हटलं, कसला अ‍ॅडव्हान्स? त्यांनी आमच्याच पेजवरून नंबर घेतला होता. तो नंबर आमचा नव्हता. मधल्या काळात बदललेला. ५,००० रुपये त्यांनी आमच्या नावावर विश्वास ठेवून टाकले होते. आमचे दोन लाख गेले त्यापेक्षा मला ते ५,००० जास्त लागले. आम्ही त्यांना आमच्या खर्चाने परळीला नेऊन आणलं. देवळाच्या पायऱ्या चढताना काकू माझा हात धरून म्हणाल्या, "तू कशाला मनाला लावून घेतेस, बाई?" मला काही बोलता आलं नाही.

तक्रारीचं सांगते, कारण इथे लोक गोंधळतात. परभणीच्या काकांसाठी आम्ही लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली. चार दिवसांत त्या खात्यातले पैसे पुढे गेलेले होते. पैसे गेल्यागेल्या काही तासांत हा नंबर फिरवला तर ते गोठवता येण्याची शक्यता असते, म्हणून वाट बघू नका. आमच्या स्वतःच्या प्रकरणात पोलिसांचं पहिलं म्हणणं असं की हा दोन व्यावसायिकांमधला व्यवहाराचा वाद आहे. वकिलांनी अर्ज नीट लिहून दिला. १ जुलै २०२४ पासून फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं. दाखवलेले खोटे खर्च आणि रद्द झालेला जीएसटी नंबर हे त्यात मुख्य पुरावे आहेत. ग्राहक आयोगाचाही रस्ता आहे. धंद्यासाठी घेतलेली सेवा म्हणून तिथे हरकत येऊ शकते, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः राबून चालवलेला धंदा असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात त्याला सवलत आहे. आमचा अर्ज त्याच आधारावर तयार होतोय. व्हॉट्सअ‍ॅपवरचं एकही बोलणं मी पुसलेलं नाही.

आता नवं पेज आहे, माझ्या नावाने, आणि जाहिरातीला आमचंच कार्ड. दिवसाला ३०० रुपये, तेही फक्त सीझनला. जाहिरातीवर टिचकी मारली की थेट आमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येतो. त्यामुळे कोण आलं, कुठून आलं, हे त्याच जुन्या वहीत लिहिता येतं. रील ड्रायव्हर मामाच करतात. टी-पॉइंटवर उभे राहून, बस कुठून मिळते, म्हाताऱ्या माणसांनी पाणी कुठे प्यावं, हे सांगतात. भाच्याने तेलंगणाच्या भाविकांसाठी परळी-औंढ्याची माहिती तेलुगूत करून घेतली. महाशिवरात्रीला त्यातून तीन गाड्या सुटल्या.

आमचं जुनं पेज अजून तसंच आहे, आमच्या गिऱ्हाइकांच्या फोटोंसकट. त्यावरच्या नंबरला पैसे पाठवू नका. आणि निळ्या कव्हरची ४२ पानांची फाइल घेऊन कोणी तुमच्या दुकानात, क्लासमध्ये, दवाखान्यात आलं, तर आधी पान १४ उघडा आणि सोमवारी काय लिहिलंय ते बघा.