बॉबिन लेस शिकवायची, तर उशी कशाची करावी?

बॉबिन लेस म्हणजे उशीवर टाचण्या टोचून, बॉबिनवर म्हणजे लहान दांड्यांवर गुंडाळलेले दोरे त्यांच्याभोवती एकमेकांत गुंफून केलेली जाळी. तिच्यात हातांना शिकायच्या मूळ हालचाली दोनच: क्रॉस (डावा दोरा उजव्यावरून) आणि ट्विस्ट (उजवा डाव्यावरून). बाकी सगळी भिस्त टाचणीवर. दोऱ्याच्या जोड्या ओढल्या की ताण टाचणीवर येतो, आणि ती जराशी कलली तरी पट्टीची कड वाकडीतिकडी होते. नवशिक्या बाईला वाटतं, आपल्याच हाताला वळण नाही. पुष्कळजणी इथेच सोडून देतात, आणि याचं मला फार वाईट वाटतं, कारण दोष उशीचा असतो. दोरा क्रोशाचा चालतो, बॉबिनच्या जागी सुरुवातीला पेन्सिलीही चालतात. उशी स्वस्त करायला हरकत नाही, पण टाचणीची पकड ढिली चालणार नाही.

सोलापुरात आठ-दहा जणींचा वर्ग काढायचा तर गादीचा फोम सगळ्यांत आधी डोळ्यांसमोर येतो. तो घेऊ नका. टाचणी त्यात सहज जाते आणि तशीच डुलत राहते, कितीही दाबून भरला तरी.

थर्माकोल फ्रीज-टीव्हीच्या खोक्यातला फुकटही मिळतो. पण तो हलका असतो. एकाच जागी पुन्हा पुन्हा टोचलं की दाणे सुटतात आणि दोऱ्याला चिकटून बसतात. विकत घेताना घनता विचारा. घनमीटरला 15 किलोचा शीट एका दिवसाच्या कार्यशाळेपुरता ठीक. 24 किंवा 32 किलोचा बराच जास्त टिकतो. दुकानदाराला घनता सांगता आली नाही, तर शीटच्या कोपऱ्यात टाचणी खोचा, तिला दोरा अडकवून बाजूला ओढा. भोक लांबट झालं तर तो शीट आपल्या कामाचा नाही.

ईव्हीए म्हणजे चपलांच्या तळव्यांना वापरतात तो शीट, किंवा लहान मुलांसाठी अंथरतात त्या एकमेकींत अडकणाऱ्या रंगीत चटया. पकडीला याच्या तोडीचं स्वस्तात दुसरं काही नाही. पण नुसत्या ईव्हीएचे चार-पाच थर रचले की टाचणी खुपसायला जोर लागतो, अंगठ्याचं टोक दुखून येतं. शाळकरी मुलींना तर ते झेपतच नाही. शिवाय इतके थर घेतले की खर्चही वाढला.

मी वर्गासाठी सुचवेन ती उशी या दोघांची मिळून होते. खाली 5 सेंटीमीटर जाडीचा घट्ट थर्माकोल, वर 10 मिलिमीटर ईव्हीएचा एकच थर. साधी टाचणी साधारण 26 मिलिमीटर लांब असते. तिचं टोक थर्माकोलमध्ये सहज शिरतं आणि वरचा भाग ईव्हीए धरून ठेवतो. आकार गोल, व्यास 45 सेंटीमीटरच्या आसपास. थर्माकोल मध्यभागी सपाट ठेवून कडेला पॉलिश पेपरने हलका उतार द्या, म्हणजे बॉबिन एकमेकींवर न चढता बाहेरच्या बाजूला पसरून पडतात. थर चिकटवायला जाऊ नका. चपलांचं सोल्यूशन लागलं की थर्माकोल विरघळून खड्डा पडतो. कापडाचं आवरण खालून नाडी ओढून घट्ट बसवलं की थर जागचे हलत नाहीत. वरचा थर झिजला तर तेवढाच बदलायचा, थर्माकोल उलटा करून दुसऱ्या बाजूने वापरायचा. बचतगटाच्या महिना-दोन महिन्यांच्या वर्गाला हीच करा.

युरोपातल्या जुन्या उशा काड ठोकून ठोकून भरलेल्या असत. आपल्याकडे कडब्याची कुट्टी भरपूर, पण ज्वारीच्या ताटाची साल कडक, टाचणी तिच्यावर अडते. त्यापेक्षा लाकडाचा बारीक, चांगला वाळवलेला भुसा बरा. अशी उशी वर्षानुवर्षं टिकते, टाचणी काढली की भोक बुजतं, वजनामुळे मांडीवरून सरकत नाही. भरायला मात्र मेहनत फार, आणि ती काखेत मारून सिटी बसने वर्गाला येणं कठीण. हात बसला, आवड टिकली, की त्या बाईने स्वतःपुरती घरी जरूर भरावी.

राहिलं आवरण. सोलापुरात टॉवेल हाताशी असतो, म्हणून तोच गुंडाळायचा मोह होतो. टेरीच्या फाशांत दोरा अडकतो आणि बॉबिन घसरत नाहीत. चादरीच्या नक्षीवर पांढरी जाळी डोळ्यांना दिसत नाही. चाटी गल्लीतून गडद निळं किंवा हिरवं, घट्ट विणीचं साधं सुती पॉपलिन आणा. एकदा धुऊन, रंग जातो का ते पाहून मगच शिवा, नाहीतर घामट हाताखाली तो रंग पांढऱ्या लेसला लागतो.