सोळा थ्रेड, सोळा जीबी आणि बोर्डाला चिकटलेली रॅम : वर्षभरानंतरचा अनुभव

ऐन गळीत हंगामात लॅपटॉपनं दगा दिला, म्हणून सविस्तर लिहितोय. मी साखर कारखान्यांच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर लिहितो, सी प्लस प्लस ही भाषा आणि क्यूटी ही स्क्रीन बनवायची लायब्ररी वापरून. काट्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली असताना ‘उद्या बघतो’ म्हणून चालत नाही. नेमक्या त्याच दिवसांत बिल्ड, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणं, फेल व्हायला लागली. दरवेळी वेगळ्याच फाइलवर कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम) कोसळायचा, आणि परत चालवला की तीच फाइल बिनतक्रार कंपाइल व्हायची. रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्रॅम, लावला. सकाळी स्क्रीनवर चुकांच्या लाल ओळी, सगळ्या मेमरीच्या एकाच छोट्या पट्ट्यातल्या.

जुन्या मशीनला असं झालं असतं तर कोल्हापुरातल्या राजारामपुरीतून रॅमची नवी स्टिक आणून घरीच बसवली असती. इथं रॅम सोल्डर केलेली, म्हणजे बोर्डालाच डाख देऊन जोडलेली. सर्व्हिस सेंटरनं सांगितलं, अख्खा मदरबोर्ड बदलावा लागेल. आकडा लॅपटॉपच्या निम्म्या किमतीच्या वर, आणि वॉरंटी नुकतीच संपलेली. प्रोसेसर ठणठणीत, बाकी सगळं ठणठणीत, एका चिपसाठी बोर्ड का टाकायचा? उत्तर एकच : कंपनीकडून सुटा पार्ट येत नाही. चिप लेव्हलचं काम करणाऱ्या आपल्याच गावातल्या कारागिरानं निदान सरळ सांगितलं, “दादा, चिप मिळंल, पण उचलताना शेजारची हलली तर बोर्डच जायचा. खात्री देत न्हाई.” मला हा माणूस जास्त पटला.

सोल्डर करण्यामागं कारण आहे, ते मान्य. एलपीडीडीआर5 ही या जातीची रॅम कमी विजेवर इतक्या वेगानं चालते, त्यासाठी रॅम आणि प्रोसेसरमधलं अंतर कमी लागतं. वळवाच्या पावसात लाइट गेली की ही बॅटरी किती पुरते ते मी अनुभवलंय, त्याबद्दल तक्रार नाही. पण सुटी करता येणारी एलपीकॅम2, म्हणजे त्याच जातीच्या रॅमचं स्क्रूनं बसवायचं मॉड्यूल, 2024 पासून लॅपटॉपमध्ये दिसायला लागली आहे. म्हणजे तांत्रिक अडचण होती ती सुटलीय. आता प्रश्न कंपन्यांच्या मर्जीचा आहे.

वेगाबद्दल माझं मत मधेच बदललं. प्रोसेसर आय5-1240पी, म्हणजे चार मोठे कोर, आठ छोटे, सोळा थ्रेड (एकाच वेळी कामं चालवायच्या वाटा). पूर्ण बिल्ड सुरुवातीला झपाट्यानं जायची आणि मग रेंगाळायची. टर्बोची, म्हणजे थोड्या वेळापुरत्या जादा वेगाची, 64 वॅटची मर्यादा पातळ बॉडीत फार वेळ टिकत नाही, गाडी 28 वॅटच्या आसपास येते, हे खरंच आहे. पण खरं दुखणं वेगळं निघालं. बिल्ड चालवणारा निन्जा प्रोग्रॅम आपणहून थ्रेडपेक्षा दोन जास्त, म्हणजे 18 कामं एकदम सोडतो. रॅम 16 जीबी. त्यात व्हीएस कोड, ब्राउझर, डॉकरमध्ये चालणारा पोस्टग्रेस डेटाबेस. एकेका कामाच्या वाट्याला धड एक जीबीही येत नाही, आणि टेम्प्लेटनं भरलेली एकच फाइल तेवढी सहज खाते. मग स्वॅप सुरू, म्हणजे रॅममध्ये न मावलेलं डिस्कवर ढकलणं, आणि ते फार हळू. मी कामांची संख्या आठवर आणली आणि बिल्ड लवकर संपायला लागली! आधी कंपाइल झालेलं जपून ठेवणारा सीकॅश लावल्यावर तर छोटे बदल चुटकीसरशी. छोट्या कोरना जाहिरातबाजी म्हणणाऱ्यांशी मी आता सहमत नाही. एडिटर, ब्राउझर असली कामं ते निमूट सांभाळतात. कोर भरपूर आहेत, कमी पडते ती रॅम. आणि दिवसेंदिवस कमीच पडणार, कारण इलेक्ट्रॉन या साच्यावर बनलेलं प्रत्येक ॲप आपलं स्वतंत्र क्रोमियम ब्राउझर घेऊन येतं.

आता सुखद धक्का. लिनक्स कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, सुरू होताना मेममॅप हा पॅरामीटर देऊन खराब पट्टा वापरातूनच काढून टाकता येतो. मेमटेस्टमधले पत्ते घेतले, आजूबाजूची थोडी जागा धरून लिनक्स सुरू करणाऱ्या ग्रबमध्ये एक ओळ टाकली, रीबूट केलं. काही मेगाबाइट गेले. उरलेला अख्खा हंगाम त्यावर निघाला, एकही बिल्ड विनाकारण पडली नाही. एक पैसा खर्च नाही. जे काम फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरनं केलं, त्यासाठी मला नवा बोर्ड विकत होते, याचा राग अजून गेलेला नाही. पट्टा पसरला तर हा इलाज संपेल, म्हणून रोजचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर.

घेणाऱ्यांसाठी : डेव्हलपमेंटला 16 जीबी सोल्डरवालं मशीन घेऊ नका, सवलत कितीही असो. दोन स्लॉटवालं जाड मशीन चालेल. 2025 च्या शेवटी एआय डेटासेंटरच्या मागणीनं रॅम महागली, तरी स्लॉट असेल तर आज 16 वर भागवून भाव उतरल्यावर वाढवता येते. सोल्डरवालंच घ्यायचं झालं तर 32 जीबी, तीन वर्षांची वॉरंटी, आणि ती संपायच्या महिनाभर आधी एक रात्र मेमटेस्ट.