फ्लेक्सवरचं कॉकपिट : लातूरात छापून घेतलेलं ए३२० चं पोस्टर

"ताई, डीजेचा मिक्सर हाय का हे?" फ्लेक्सवाल्या दादाने कोरलमध्ये माझी फाइल उघडली आणि पहिला प्रश्न हाच केला. गंजगोलाईच्या मागच्या गल्लीतलं दुकान, भिंतीला टेकवलेले दोन-तीन भावी नगरसेवक, आणि स्क्रीनवर एअरबस ए३२० विमानाचं ओव्हरहेड पॅनल, म्हणजे पायलटच्या डोक्यावरचा फलक. बटणांची ती गर्दी बघून त्याला तसं वाटलं यात नवल नाही.

उड्डाणाचे २०० तास भरले, सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) हातात आलं, विमान कंपनीत निवडही झाली. टाइप रेटिंगची, म्हणजे ठरावीक विमानाच्या प्रशिक्षणाची, तारीख मात्र दोन महिने लांब. या दिवसांत जो तो सांगतो, मॅन्युअल वाच. वाचावं लागतंच. पण वाचून हाताला बटण सापडत नाही. सिम्युलेटरमध्ये बसल्यावर एपीयूचा (शेपटीतल्या छोट्या इंजिनाचा) मास्टर स्विच शोधण्यात वेळ गेला, तर शिकायचं काय? म्हणून मी घरी सराव करायला कॉकपिटच्या पोस्टरची फाइल विकत घेतली. कंपनी कोणतं विमान देणार हे पक्कं कळल्याशिवाय मात्र घेऊ नका. एटीआर मिळालं तर एअरबसचं पोस्टर भिंत झाकायलाच.

आता छपाई. साधा बॅनरचा फ्लेक्स चौरस फुटाला १५ रुपये. स्वस्त आहे, पण चमकतो. ट्यूबलाइट लावली की अर्धी अक्षरं गायब. शिवाय दादाने रोलच्या रुंदीत बसावं म्हणून सगळं आक्रसून छापलं. "बसतंय की ताई सगळं!" बसलं, पण बोट ठेवलं की एकदम तीन बटणं दाबली जात होती. तुम्ही छापाल तेव्हा पट्टी घेऊन जा. एमसीडीयूची (विमानाच्या संगणकाचा स्क्रीन-कीबोर्ड) रुंदी पावणेसहा इंच भरली पाहिजे. ती भरली तर बाकीचं बरोबर. आणि कोपऱ्यात दुकानाचा मोबाइल नंबर टाकू नका म्हणून आधीच सांगा. माझ्या पहिल्या प्रिंटवर तो नेमका इंधनाच्या पंपांवर आला होता.

दुसरी प्रिंट त्याने निम्म्या पैशात दिली, कुरकुर न करता. समोरचं पॅनल आणि पेडेस्टल (दोन सीटांमधला भाग) मॅट विनाइलमध्ये, सनबोर्डवर चिकटवून. ओव्हरहेड हलकं हवं म्हणून फ्लेक्सवरच, कडेला रिंगा मारून. दोन्ही वेळचे मिळून १,४०० रुपये गेले. पेडेस्टलवर थ्रस्ट लिव्हरच्या (इंजिनाच्या ताकदीचा दांडा) खाचेपाशी 'एफएलएक्स' वाचून दादा खूश : "आमचंच नाव हाय की यावर!" तो फ्लेक्स वेगळा, टेकऑफला इंजिनाची ताकद थोडी कमी वापरण्याचा, हे मी सांगितलं नाही.

ओव्हरहेड सुतळीने खिडकीच्या गजाला आणि माळ्याच्या कडीला बांधलंय. पंखा दोनवर गेला की टर्ब्युलन्स सुरू.

खरा फायदा मला बसायच्या जागेचा झाला. सेसना १७२ वर मी डावीकडे बसून शिकले. डावा हात योकवर (विमानाचं स्टिअरिंग), उजवा थ्रॉटलवर. फर्स्ट ऑफिसर उजवीकडे बसतो, त्यामुळे साइडस्टिक (योकऐवजी बाजूला असलेली दांडी) उजव्या हातात आणि थ्रस्ट लिव्हर डाव्या. प्लास्टिकच्या खुर्चीत बसले तरी पहिले आठ दिवस उजवा हात आपोआप मधे धावायचा. ही खोड घरी मोडली ते बरं झालं.

पोस्टरची खोट एकच, पण मोठी : दिवे लागत नाहीत. एअरबसमध्ये तयारी करताना ओव्हरहेडवर पांढरा दिवा दिसला की तो विझवायचा, हा नेम. कागदावर पांढरं काय दिसणार? धाकट्या भावाने आईच्या पाकिटातल्या पांढऱ्या टिकल्या आणल्या. तो कुठेही चार टिकल्या लावतो, मी बॅटरीचा व्होल्टेज २५.५ च्या वर, एडीआयआरएसचे (विमानाचा वेग, उंची, दिशा सांगणारी यंत्रणा) तिन्ही नॉब नॅव्हवर असं मोठ्याने म्हणत जाते आणि वाटेत टिकली काढते. एक सुटली की हे धाकटे कॅप्टनसाहेब दहा रुपये दंड घेतात.

मेमरी आयटमचं, म्हणजे आणीबाणीत पुस्तक न बघता करायच्या कृतींचं, पोस्टरशी काही नाही, ते पाढ्यांसारखे पाठच करायचे. वेग खोटा दिसतोय : ऑटोपायलट, ऑटोथ्रस्ट, फ्लाइट डायरेक्टर बंद, थ्रस्ट रिडक्शनच्या (टेकऑफनंतर ताकद कमी करायच्या) उंचीखाली नाक १५ अंश वर आणि टोगा (पूर्ण ताकद), त्यावर १० हजार फुटांपर्यंत १० अंश आणि क्लाइंब (चढतानाची ताकद), त्याहून वर ५ अंश आणि क्लाइंब. आमची आजी देवपूजा करताना आता "पंधरा टोगा" म्हणते. कंपनीची मॅन्युअल आली की शब्द न् शब्द त्यांचाच धरा, व्हिडिओतल्या कुणाचा नको.

सिम्युलेटरचा स्लॉट रात्री दोनचाही लागतो म्हणतात. त्याची सवय काकांमुळे झाली. शेतीपंपाला रात्रीची लाइट असली की ते दोनला उठून मोटार चालू करायला जातात. त्यांच्या मोटारसायकलचा आवाज आला की मी खुर्चीत.

पोस्टरला पाचपैकी चार गुण. एक टिकल्यांपायी कापला.

पहिली प्रिंट अण्णांनी नेली. सध्या ती अंगणातल्या सोयाबीनच्या ढिगावर आहे, छापील बाजू वर. परवाच्या पावसात थेंबभर पाणी आत गेलं नाही. शेजारच्या मामी विचारत होत्या, कुणाचा वाढदिवस होता?