ओहायोतील हरणांसाठी ठासणीची बंदूक आणि तिच्यावरची दुर्बीण : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सिंधुदुर्गातल्या आमच्या घरी आजोबांची ठासणीची बंदूक होती. शेतीसंरक्षणाचा परवाना असलेली ती बंदूक रानडुकरांना हुसकावण्यापुरतीच बाहेर निघत असे आणि निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा होत असे. दारू, बार (नळीत भरलेली दारू आणि गोळी), गज (ती ठासायची सळई), घोडा, चाप हे शब्द मी तेव्हापासून ऐकत आलो आहे. परंतु स्वतःच्या हाताने नळीत दारू ओतून ती गजाने ठासण्याची वेळ आली ती ऑगस्ट २०२४ मध्ये, अमेरिकेच्या ओहायो राज्यात. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीला बंदी आहे. इथे प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करून, परवाना काढून, ठरलेल्या दिवशी आणि ठरलेल्या संख्येत हरणाची शिकार करता येते. इथे राहून प्रथमच अशी बंदूक घेऊ पाहणाऱ्या मराठी वाचकांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

ओहायोत २०१४ पासून सरळ भिंतींच्या काडतुसांच्या रायफलींना परवानगी मिळाली असली, तरी ठासणीच्या बंदुकीचे एक वेगळे महत्त्व टिकून आहे. डिसेंबरातल्या मुख्य बंदूक-आठवड्यात ती वापरता येतेच, शिवाय जानेवारीच्या आरंभी केवळ तिच्यासाठी चार दिवसांचा स्वतंत्र हंगाम असतो. माझ्या पहिल्या हंगामात तो ४ ते ७ जानेवारी २०२५ असा होता. एकच बंदूक दोन्ही हंगामांना पुरावी, या हिशेबाने मी सीव्हीए कंपनीची ऑप्टिमा व्ही२ ही .५० कॅलिबरची, म्हणजे अर्धा इंच व्यासाच्या नळीची, बंदूक घेतली. तिची नळी २६ इंचांची असून आतले, गोळीला फिरकी देणारे पीळ २८ इंचांत एक वेढा घेतात. प्लास्टिकच्या वाटीत, म्हणजे सॅबोत, बसवलेली लांबट गोळी स्थिर जाण्यासाठी हा पीळ योग्य समजला जातो. जुन्या पद्धतीच्या कापडात गुंडाळलेल्या गोल गोळीसाठी मात्र याहून सावकाश पीळ लागतो, हे खरेदीपूर्वीच ध्यानात घ्यावे.

आजोबांच्या बंदुकीत घोडा बाजूला असे आणि टोपीची, म्हणजे घोडा आपटताच पेटणाऱ्या छोट्या स्फोटक वाटीची, ठिणगी वळण घेऊन दारूपर्यंत पोहोचे, त्यामुळे पावसाळ्यात बार फुसका जाण्याची भीती कायमची. आधुनिक इन-लाइन बंदुकीत टोपी नळीच्या थेट पाठीमागे, त्याच सरळ रेषेत बसते. ही रचना अमेरिकेत लोकप्रिय केली ती मिसूरी राज्यातल्या टोनी नाइट यांच्या १९८५ मधील एमके-८५ या बंदुकीने. माझ्या बंदुकीत शॉटगनच्या काडतुसात असते तशी २०९ क्रमांकाची टोपी लागते आणि ती थंडीतही दारू खात्रीने पेटवते. आठ महिन्यांत मी साठेक बार काढले. त्यांपैकी एकही फुकट गेला नाही.

बंदूक निवडताना मात्र मी नेमापेक्षा साफसफाईला अधिक महत्त्व दिले आणि तो निर्णय बरोबर ठरला. काळी दारू असो वा तिचे पर्याय, जळल्यानंतर उरणारी राख हवेतला ओलावा ओढून घेते आणि नळीला गंज धरू लागतो, म्हणून त्याच दिवशी सफाई करणे भाग असते. ऑप्टिमाचा ब्रीच प्लग, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारे आट्यांचे बूच, अवजाराशिवाय, हातानेच फिरवून निघतो. तो निघाला की नळी आरपार मोकळी होते आणि गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्यांनी वीस मिनिटांत काम संपते. एकदा प्रवासाच्या गडबडीत मी प्लगच्या आट्यांना ग्रीस न लावता बंदूक दहा दिवस तशीच ठेवली. तो प्लग काढताना मला जो घाम फुटला, त्यानंतर ग्रीसची डबी बंदुकीच्या पिशवीतून मी कधी बाहेर काढलेली नाही.

दारूच्या बाबतीत मी ट्रिपल सेव्हन या काळ्या दारूच्या पर्यायाच्या ५० ग्रेनच्या (ग्रेन हे दारू-गोळीचे माप) दोन गोळ्यांपासून, म्हणजे दाबून केलेल्या वड्यांपासून, सुरुवात केली. वड्या सोयीच्या खऱ्या, पण त्यांचे वजन मनाप्रमाणे कमी-जास्त करता येत नाही. ऑक्टोबरपासून मी त्याच दारूची सुटी भुकटी मापाने ओतू लागलो. अनेक प्रयोगांनंतर, उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेच्या आत, ९० ग्रेन माप आणि हॉर्नडीची २५० ग्रेनची एसएसटी गोळी ही जोडी माझ्या नळीला मानवली. शंभर यार्डांवर, म्हणजे सुमारे ९१ मीटरवर, तीन गोळ्या चहाच्या बशीत मावतील इतक्या जवळ पडू लागल्या. या दारूचा एक त्रास मात्र आहे. बार झाल्यावर दारू जिथे पेटते त्याच्या थोडे पुढे नळीत राखेचे एक टणक कडे जमते आणि पुढची गोळी तिथे अडते. दर बारानंतर एक ओले आणि एक कोरडे फडके फिरवल्यास गोळी पुन्हा बुडापर्यंत सहज उतरते. धूररहित आधुनिक दारू अशा बंदुकीत कधीही घालू नये. तिच्या दाबाने नळी फुटते आणि माणसे हात गमावतात.

गोळी दारूवर पूर्ण टेकली आहे की नाही, हे कसे ओळखायचे? मी रिकाम्या नळीत गज घालून तोंडाशी एक खूण केली आणि बार भरल्यावर दुसरी. आता बंदूक हाती घेतली की पहिली गोष्ट म्हणजे गज आत सोडणे. खालची खूण तोंडाशी आली तर बंदुकीत बार आहे, वरची आली तर नाही. सरावाच्या मैदानावर गप्पांच्या नादात दोन बार एकावर एक ठासण्याचा प्रसंग माझ्यावर येता येता टळला तो या दोन रेघांमुळेच.

आता दुर्बीण. इथे माझी निवड चुकली आणि त्या चुकीची किंमत मला हंगामाच्या पहिल्या आठवड्यात मोजावी लागली. दुकानदाराच्या आग्रहावरून मी ४ ते १२ पट मोठे दाखवणारी, ४० मिलिमीटर भिंगाची एक दुर्बीण घेतली. ती त्याच दुकानात बसवून घेतली. नंतर पाहिले तर दुर्बीण धरून ठेवणाऱ्या कड्यांचे दोन स्क्रू बोटाने फिरत होते आणि एक अख्खा शनिवार मी नेम इकडेतिकडे का पळतो या विचारात घालवला. ते मी स्वतः टॉर्क-पान्याने, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, आवळले. परंतु मूळ दोष वेगळाच होता. डिसेंबरात बंदूक-आठवड्यातल्या एका सकाळी, सरावानंतर बारा पटीवरच राहिलेल्या त्या दुर्बिणीतून मी चाळीस यार्डांवरच्या नराकडे पाहिले आणि मला दिसले ते केवळ तपकिरी केस. तो खांदा होता की मांडी, हे कळेना. कडे फिरवून पट कमी करेपर्यंत तो ओढ्यापलीकडे गेला. मी चाप ओढला नाही याचे मला समाधान आहे. परंतु तो नर अजून माझ्या डोळ्यांसमोर येतो.

दक्षिण-पूर्व ओहायोच्या ओक वनांत शंभर यार्डांपलीकडचा मोकळा पल्ला क्वचितच मिळतो, मग बारा पट कशासाठी? त्याहून महत्त्वाचा आहे प्रकाश. भिंगाचा व्यास भागिले पट, इतक्या मिलिमीटरची प्रकाशाची तबकडी दुर्बिणीतून डोळ्यात येते. ४० ला १२ ने भागले तर ती ३.३ मिलिमीटर भरते आणि संधिप्रकाशात चित्र काळवंडते. अंधारात तरुण माणसाची बाहुली सुमारे ७ मिलिमीटरपर्यंत उघडते. वयोमानाने ती कमी होत जाते. हरणे बाहेर पडतात ती नेमकी सूर्योदयाच्या आधीच्या आणि सूर्यास्तानंतरच्या अर्ध्या तासात, आणि कायद्यानेही सूर्योदयाआधी व सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच मुभा दिलेली आहे. म्हणून मी ल्यूपोल्डची व्हीएक्स-फ्रीडम २-७×३३ ही लहान, हलकी दुर्बीण घेतली. पाच पटीवर तिची तबकडी ६.६ मिलिमीटरची होते, म्हणजे माझ्या वयाच्या डोळ्याला जितका प्रकाश घेता येतो तितका सगळा मिळतो. दोन पटीवर जंगलाचा मोठा भाग एकदम दिसतो. शिवाय डोळा भिंगापासून चांगला लांब ठेवता येतो. पहिल्या दुर्बिणीच्या कडेने धक्क्यासरशी माझी भुवई एकदा फोडली होती. दुर्बीण बसवल्यावर घोडा तिच्याखाली लपतो, तेव्हा घोड्याला बाजूने जोडायचा छोटा खुंट अवश्य लावावा, विशेषतः हातमोजे घालणाऱ्यांनी.

नेम मी शंभर यार्डांवर बसवला आहे. दीडशे यार्डांवर माझी गोळी साधारण सहा इंच खाली पडते, म्हणून तिथवरचे अंतर मी माझी मर्यादा मानतो. गोळीच्या उतारासाठी आडव्या खुणा असलेल्या दुर्बिणीही मिळतात. त्या खुणा तुमच्या दारूला आणि गोळीला जुळतात का, हे कागदावर बार काढून पाहिल्याशिवाय त्यांवर विसंबू नये.

७ जानेवारी, हंगामाचा शेवटचा दिवस. हॉकिंग काउंटीतल्या एका शेतकऱ्याची लेखी परवानगी घेऊन मी त्याच्या सोयाबीनच्या कापलेल्या शेताच्या कडेला, केशरी जाकीट घालून, बर्फात बसलो होतो. संध्याकाळी पाच वाजून पस्तीस मिनिटांनी ओकांतून तीन माद्या बाहेर आल्या. दुर्बीण चार पटीवर होती. ऐंशी यार्डांवरच्या मोठ्या मादीच्या पुढच्या पायामागची घडी मला स्पष्ट दिसली. नुसत्या डोळ्यांना तेव्हा ती केवळ एक काळी आकृती होती. मी चाप ओढला आणि सगळे पांढरे झाले. हवा स्तब्ध होती. धुराचा पडदा माझ्यासमोर तसाच लोंबकळत राहिला आणि मादी कोणत्या बाजूला गेली, हे मला दिसलेच नाही. ही या बंदुकीची खरी मर्यादा आहे. दुसरा बार भरायला मला मिनिटभर लागते. मी बार भरला, नवी टोपी घातली आणि घड्याळ पाहून अर्धा तास बसून राहिलो. नंतर विजेरीच्या उजेडात बर्फावर बोरांएवढे लाल ठिपके दिसले. चाळीस पावलांवर, एका पडलेल्या ओंडक्यापाशी ती निपचित होती. गोळी जिथे नेम धरला होता तिथेच लागली होती. त्याच रात्री मी शिकारीची नोंद केली.

एक व्यावहारिक बाब. थंडीतून आलेली बंदूक मी उबदार घरात आणत नाही. टोपी काढून ती थंड गॅरेजातच ठेवतो, कारण आत आणताच नळीत आणि भिंगावर दव धरते आणि ओली दारू दुसऱ्या दिवशी उशिरा पेटू शकते.

ही जोडी प्रत्येक राज्यात चालेल असे समजू नये. कोलोराडोत ठासणीच्या हंगामात दुर्बीण, सॅबो आणि दारूच्या वड्या या तिन्ही गोष्टींना बंदी आहे. पेनसिल्व्हेनियात नाताळानंतरच्या हंगामात चकमकीची, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी, बंदूकच लागते, तिथे ऑप्टिमा निरुपयोगी. संघराज्याच्या १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यात अशा बहुतेक बंदुका पुराण-शस्त्रांच्या व्याख्येत मोडतात, त्यामुळे त्या पुष्कळदा थेट घरपोच येतात. परंतु राज्यांचे नियम निराळे असतात. व्हिसावर असलेल्यांनी कोणतीही बंदूक घेण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

एप्रिलमध्ये मी ब्रीच प्लग काढून नळीतून उजेडाकडे पाहिले. तेलाचे फडके आत जसे गेले तसेच पांढरे बाहेर आले. दुर्बिणीचा नेमही हलला नव्हता. पहिला बार जानेवारीच्याच भोकाला चिकटून पडला.