पुण्यातून सातारा-कोल्हापूरकडे लिफ्ट: ब्लाब्लाकार कितपत कामाची?

पुण्यातून दक्षिणेकडे लिफ्टने निघायचं तर गाड्यांची वाण नसते. प्रश्न असतो तो, ती गाडी आपल्या नाक्यावरून जाते का आणि आपल्याला नेमकी कुठे उतरवते, एवढाच. आपल्या गाडीने निघालेले चालक आणि खर्च वाटून घेणारे सहप्रवासी यांची अ‍ॅपवर गाठ घालून देणारी, मूळची फ्रान्सची ब्लाब्लाकार ही सेवा भारतात २०१५ साली आली. यातला पहिला प्रश्न ती चांगला सोडवते, दुसरा मात्र आपला आपल्यालाच सोडवावा लागतो.

पुण्यातून साताऱ्याच्या रस्त्याला गाड्या दोन वाटांनी लागतात. हिंजवडी, बाणेर, कोथरूडच्या गाड्या बायपासने चांदणी चौक, वारजे, नवले पूल असं करत कात्रजच्या नव्या बोगद्याकडे जातात. हडपसर, कोंढव्याकडच्या बऱ्याच गाड्या कात्रज चौकातून जुन्या घाटाने उतरतात. कात्रजला उभं राहिलं की बायपासची गाडी हाती लागत नाही, आणि वारज्यात थांबलं की घाटाची. त्यामुळे शोधताना नुसतं ‘पुणे’ टाकू नका, आपण जिथे सहज पोचू शकतो तो नाका टाका. दोन्ही वाटा पुढे एकत्र येतात आणि खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावरून प्रत्येक गाडी जाते, पण शहरातून तिथवर वेगळं वाहन करणं परवडत नाही.

चालकाने दिलेली वेळ ही त्याची घरून निघायची वेळ धरावी. शुक्रवारी संध्याकाळी वाकड ते वारजे हा टप्पाच सगळं गणित बिघडवतो. नोंदणी मंजूर झाली की लगेच फोन करून तीनच गोष्टी ठरवा: पुलाच्या वर की खाली, सर्व्हिस रोडच्या कुठल्या बाजूला, आणि गाडीचा नंबर. ‘नवले पुलाजवळ’ या एका शब्दावर निम्मे घोळ होतात. ज्याच्या प्रोफाइलवर जुन्या सहप्रवाशांचे अभिप्राय आहेत आणि ‘मागे दोघंच’ असं लिहिलंय, त्याची गाडी आधी बघावी. साडेचार तास मागे तिघांत मधल्या जागेवर बसणं लहान गाडीत फार त्रासाचं होतं.

भाडं योग्य आहे का, हे स्वतः ताडून बघता येतं. पुणे-कोल्हापूर अंतर सुमारे २३५ किलोमीटर. लिटरला १५ किलोमीटर धरले तर १५-१६ लिटर पेट्रोल लागतं. लिटरचा दर शंभराच्या थोडा वर धरला तर सोळाशेच्या आसपास. त्यात खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी असे चार टोल मिळवा आणि चालकासह चौघांत भागा. येणाऱ्या आकड्याच्या जवळ मागणारा खर्च वाटून घेतोय. दुपटीने मागणारा, रोज तोच फेरा टाकणारा, चारही जागा विकणारा धंदा करतोय. पिवळी पाटी असेल तर ती सरळ टॅक्सी आहे. त्यात वाईट काही नाही, पण मग दर टॅक्सीशी ताडून बघावा. पांढऱ्या पाटीच्या गाडीने नफ्यासाठी प्रवासी नेणं परवान्याच्या नियमात बसत नाही, आणि अपघात झाला तर विम्याच्या दाव्यात हाच मुद्दा आडवा येऊ शकतो.

महिलांनी आधी एसटीचा हिशेब करावा. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, आणि स्वारगेटहून साताऱ्या-कोल्हापूरला गाड्या भरपूर. पैशाच्या बाबतीत अ‍ॅप तिथे बहुतेक वेळा हरतं. अवेळी निघायचं असेल किंवा वारज्याहून स्वारगेटला उलटं जायचं नसेल तेव्हाच ते सरस. फक्त महिलांसाठीच्या फेऱ्याही दिसतात, पण या रस्त्यावर त्यांच्या भरवशावर बेत आखू नये.

वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी खासगी जीप, शिरवळ, फार तर साताऱ्यापर्यंत ठीक. भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरल्यावरही भरत राहतं. ट्रकला हात दाखवणं नकोच. मालाच्या गाडीत प्रवासी नेण्याची परवानगी नसते, आणि खंबाटकी घाटात तो गाडा रांगत चढतो.

आता उतरण्याचं. महामार्ग गावांना बगल देतो, म्हणून अ‍ॅपवरचं ‘सातारा’ म्हणजे एसटी स्टँड नव्हे. साताऱ्यात बॉम्बे रेस्टॉरंट चौक, कराडात कोल्हापूर नाका, सांगलीकरांना पेठ नाका आणि कोल्हापुरात तावडे हॉटेल ही उतरण्याची खरी ठिकाणं. तावडे हॉटेलहून पुढे रिक्षा किंवा केएमटी (कोल्हापूरची शहर बस) करावीच लागते, तो खर्च भाड्यात धरा. पेठ नाक्याला रात्री उशिरा उतरायची वेळ येणार असेल तर आधीची गाडी घ्या, कारण सांगलीची पुढची एसटी कधी मिळेल ते सांगता येत नाही. सर्व्हिस रोडला वळायचंय, याची आठवण फाट्याआधी दोनेक किलोमीटर असतानाच चालकाला करून द्यावी. गाडी उड्डाणपुलावर चढली की तो मागे येत नाही, आणि पुलाच्या टोकाला उतरवून घेणं जिवावर बेतू शकतं.

परतीला हीच काळजी दुप्पट घ्या. नव्या बोगद्यातून नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. अवजड गाड्या तो न्यूट्रलवर उतरवल्या जातात, ब्रेक तापून निकामी होतात आणि पुढच्या गाड्यांवर आदळतात. तिथले बरेच अपघात यातून होतात. चालक म्हणाला, ‘इथेच कडेला सोडतो’, तर ऐकू नका. त्याला सर्व्हिस रोडला घ्यायला सांगा, नाहीतर वारज्यापर्यंत बसून राहा आणि तिथून रिक्षाने मागे या.