तापी दोन्ही टोकांनी कापलेली: महाराष्ट्राचा उठावाचा नकाशा, खान्देशातल्या वर्गासाठी

शैक्षणिक साहित्याच्या दुकानात महाराष्ट्राचा प्लास्टिकचा उठावाचा नकाशा मिळतो. साधारण 70 सेंमी रुंद, डोंगर हाताला लागतील असा. तिसरी-चौथीच्या वर्गासाठी घ्यावा का? सह्याद्री शिकवायचा असेल तर डोळे मिटून घ्या. तापी शिकवायची असेल तर थोडं थांबा.

आधी जमेची बाजू. कोकणातून बोट वर सरकवलं की घाटाची कड बोटाला अडते, पुढे पठार लागतं. हे फळ्यावर कितीही खडू झिजवून कळत नाही. चाळीसगावच्या दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांगही स्पष्ट उठली आहे. कन्नडचा घाट पाहिलेल्या पोराला ती लगेच ओळखू येते. रांगेच्या अलीकडचं पाणी तापीला, पलीकडचं गोदावरीला, एवढं त्या एका उंचवट्यावर बोट ठेवून सांगता येतं.

प्रमाण 1 सेंमीला 12 किमी. धुळे ते जळगाव सरळ रेषेत सुमारे 7 सेंमी भरतं, मुलं पट्टी लावून स्वतः मोजू शकतात. उंचीचं प्रमाण मात्र वेगळं आहे आणि ते कुठेही छापलेलं नाही. कळसूबाई 1646 मीटर, म्हणजे याच प्रमाणात दीड मिलिमीटरही भरायला नको. नकाशात ते शिखर दीड सेंटिमीटर उठलंय, जवळपास अकरा पट. फुगवल्याशिवाय डोंगर दिसणारच नाहीत, त्यामुळे ही चूक नव्हे. पण सांगितलं नाही तर मुलं सातपुड्याची भिंत काढतात. यावल-चोपड्याच्या मुलांना खिडकीतून खरा सातपुडा दाखवा, मग नकाशातला.

आता तापी. मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम, गुजरातेत सुरतजवळ समुद्र, लांबी 724 किमी. त्यातला तिसरा हिस्साही महाराष्ट्रात नाही. नकाशात उठाव आणि रंग राज्याच्या सीमेवर संपतात, बाहेर सगळं सपाट पांढरं. परिणाम असा की खान्देशची नदी रावेर-मुक्ताईनगरकडे हवेतून उगवते आणि नंदुरबारच्या पुढे हवेत विरते. सुरतला नाहीतर उधन्याला मामा असलेलं एखादं पोर वर्गात असतंच. त्याच्या गावावरून वाहणारं पाणी मामाच्या गावाला जातं, हे सांगायची आयती संधी नकाशा घालवतो. नर्मदेचीही तीच गत: नंदुरबारच्या उत्तर सीमेवर निळा दोरा आणि पलीकडचा काठच नाही. राज्याचा नकाशा राज्यापुरताच असणार, हे मान्य. पण दुकानदार तो ‘नदीप्रणालीसाठी उत्तम’ म्हणून खपवतो.

पांढऱ्या जागेचा उपयोग करून घेता येतो. सुरत मुंबईच्या जवळपास सरळ उत्तरेला आहे. मुंबईच्या ठिपक्यापासून वर 20 सेंमी मोजा, तिथे खूण करा. मुलताईसाठी अमरावतीपासून उत्तरेकडे, किंचित उजवीकडे, 9 सेंमी. मग निळी लोकर घ्या आणि मुलताईहून बुऱ्हाणपूरवरून रावेरपर्यंत, पुढे छापलेल्या रेषेवरून सुरतपर्यंत एकच सलग धागा चिकटवा. उगमाकडे वळणं ठेवा, धागा ताणू नका. मार्करने काढायला जाऊ नका: चूक पुसायला स्पिरिट लावलं की छापील रंगही निघतो.

पाणी सोडून दाखवायचा मोह सगळ्यांना होतो. ड्रॉपरने भुसावळजवळ पाणी टाकलं की ते तिथेच थबकतं, पश्चिमेला जात नाही. मुलताई 752 मीटरवर, म्हणजे तापीचा उतार किलोमीटरला सरासरी जेमतेम 1 मीटर. अकरा पट फुगवूनही नकाशावर तो जाणवत नाही. पूर्वेच्या कडेखाली दोन-तीन सेंमी जाड पुस्तक सरकवा, पाणी पश्चिमेला, तापीकाठच्या प्रकाशा गावाकडे निघेल. मात्र त्याच वेळी गोदावरीही उलटी, नाशिककडे वाहू लागेल! तेव्हा तापीचं झालं की पुस्तक काढून पश्चिमेच्या कडेखाली घाला आणि मग गोदावरी दाखवा. उतार पुस्तकाने आणलाय, नकाशात तो नाही, हे मुलांना स्पष्ट सांगा.

हे सगळं जमिनीवर. भिंतीवर टांगलेल्या नकाशात उत्तर म्हणजे ‘वर’ होते आणि नदी ‘खाली’च वाहणार असा समज पक्का होतो. मग भडगावचं मूल विचारतं, गिरणा वर कशी चढते? नकाशाची उत्तर खऱ्या उत्तरेकडे करून जमिनीवर ठेवला की गिरणा नाशिक जिल्ह्यातून येऊन उत्तरेकडे तापीला मिळते, हे मूल स्वतः हात करून दाखवतं.

बनावटीत खोट आहे. आधी प्लास्टिकच्या सपाट पत्र्यावर छपाई, नंतर तो तापवून साच्यावर ओढायचा, अशी पद्धत. ओढताना प्लास्टिक सरकतं आणि छपाई उठावाशी जुळत नाही. पाहिलेल्या प्रतीत तापीची निळी रेषा खोऱ्यातून निघून 4 मिमी सातपुड्याच्या उतारावर चढली होती, म्हणजे जवळपास 5 किमी. घेताना नकाशा आडवा धरून ही रेषा तेवढी तपासा, दुसरी प्रत मागा. उतारावरची नावं ताणली जातात: तोरणमाळ वाचता येतं, अक्राणी अंदाजानेच.

दुसरी गोष्ट, डोंगर मागून पोकळ. अंगठा दाबला की सातपुडा आत जातो, पांढरी रेघ उठते आणि तिथेच पुढे तडा जातो. कागद रात्रभर भिजवून, मेथीचे दाणे वाटून घालून टोपल्यांसाठी करतात तसा लगदा करा, मागच्या खड्ड्यांत भरा आणि पाच-सहा दिवस सावलीत वाळू द्या. सुकताना तो आकसतो, तेव्हा दुसरा थर लागतो. ओला असतानाच मागे प्लायवूड ठोकलंत तर आत बुरशी. पूर्ण वाळल्यावर 6 मिमीचं प्लायवूड लावा. पाठिंबा नसेल तर पत्र्याच्या वर्गात वैशाखात भिंतीला टेकवलेला नकाशा मधोमध पोट काढतो आणि ते परत आत जात नाही.

पैसे एकाच नकाशापुरते असतील तर त्याच आकाराचा भारताचा उठावाचा नकाशा घ्यावा. त्यात अख्खा खान्देश चार बोटांत मावतो खरा, पण मुलताई ते सुरत सरळ 13 सेंमीची तापी सलग मिळते. जिल्हा तर याच लगद्याने, मुलांच्या हातून, मोठा करून घेता येतो.