वोनहाइम की वेगे: श्टुटगार्टमध्ये राहायचं कुठे?

जर्मनीतल्या विद्यापीठाचं प्रवेशपत्र येतं, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (व्हिसासाठी राहण्या-खाण्याचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं) वर्षाचे ११,९०४ युरो भरून होतात (सप्टेंबर २०२४ पासूनचा आकडा), आणि मग आजी विचारते, "पण राहणार कुठे?" वोनहाइम म्हणजे विद्यार्थ्यांचं वसतिगृह. वेगे म्हणजे तीन-चार जणांचा फ्लॅट: खोली ज्याची त्याची, स्वयंपाकघर आणि बाथरूम सगळ्यांचं. मी एक वर्ष श्टुटगार्टच्या फायहिंगेन भागातल्या वोनहाइममध्ये काढलं आणि नंतर दीड वर्ष शहरातल्या वेगेत.

पैशांचा हिशोब वोनहाइमच्या बाजूने आहे, त्यात वाद नाही. हीटिंग, वीज, इंटरनेट बहुधा भाड्यातच असतं आणि पलंग, टेबल, कपाट आयतं मिळतं. वेगेतली खोली अनेकदा नुसत्या चार भिंती. मी गादी ट्रामने आणली होती. जाहिरातीतलं भाडं 'थंड' आहे की 'गरम', म्हणजे हीटिंग-पाण्याचा खर्च सोडून आहे की धरून, हे आधी विचारा. डिपॉझिट कायद्याने तीन थंड भाड्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. एका बाबतीत मात्र वेगे स्वस्त पडते. रेडिओ-टीव्हीचं शुल्क महिना १८.३६ युरो, आणि ते माणशी नाही, घरटी असतं. चौघांत वाटलं की साडेचारच्या आसपास. वोनहाइमच्या सामाईक कॉरिडॉरवर उघडणारी खोली मात्र स्वतंत्र घर धरतात, म्हणजे सगळी रक्कम एकट्याच्या डोक्यावर.

राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करावी लागते. तिला घर देणाऱ्याचं पत्र लागतं. वोनहाइममध्ये मला ते किल्लीबरोबरच मिळालं. वेगेत दोन-तीन महिन्यांसाठी पोटभाड्याने खोली देणारे हे पत्र द्यायला कधीकधी कांकूं करतात. ते नसेल तर खोली कितीही छान असो, घेऊ नका. कर क्रमांकापासून निवास परवान्यापर्यंत सगळं त्या नोंदणीवर अडतं. आणि खोली दाखवण्याआधी डिपॉझिट मागणाऱ्याला उत्तरही देऊ नका.

वोनहाइमला अर्ज करून वाट बघायची असते. वेगेत तुम्हाला बघायला बोलावतात. अगदी कांदेपोह्यांचा कार्यक्रम, फक्त पोहे नसतात. स्वयंपाकघरात बसवून वीस मिनिटं प्रश्न: काय शिकतोस, भांडी कधी घासतोस, सकाळी लवकर उठतोस का. पुण्यात बसून व्हिडिओ कॉलवर हे जमवणं कठीण. मला सात नकार आले, तेही श्टुटगार्टमध्ये असताना.

आता स्वयंपाकघर. माझ्या मते खरा फरक तिथेच आहे. वोनहाइममध्ये आम्ही अकरा जण एक स्वयंपाकघर वापरायचो, त्यातले पाच भारतीय. मोहरी तडतडली की कोणी वळून बघायचं नाही. कोणाकडे तूप, कोणाकडे आईने पाठवलेला गोडा मसाला. दिवाळीला चकलीचा सोऱ्यासुद्धा निघाला. फार बरं वाटायचं. आणि त्या वर्षभरात माझं जर्मन बेकरीपलीकडे गेलं नाही.

वेगेत फोडणीआधी खिडकी सताड उघडायची, बाहेर उणे चार असलं तरी. हिंगाची डबी डब्यात आणि तो डबा आणखी एका डब्यात. पण कचऱ्याच्या पाळीवरून वाद घालताना 'कारण' आणि 'जरी' वापरून पहिली बिनचूक वाक्यं तोंडून निघाली. क्लासमध्ये ती कधी जमली नव्हती. शिवाय इथल्या श्वाबेन भागातली केरवोखे! जिन्याच्या सफाईचा आठवडा पाळीपाळीने येतो, तशी पाटी दारावर लटकते. केर काढायचा आठवडा, एवढं मराठी माणसाला वेगळं समजवावं लागत नाही. खालच्या मजल्यावरच्या आजीबाई पायरीवर बोट फिरवून बघायच्या.

नाताळात मात्र उलटं होतं. वेगेतले सगळे आपापल्या घरी जातात, दुकानं बंद, साडेचारला अंधार, आणि फ्लॅटमध्ये तुम्ही एकटे. वोनहाइममध्ये परदेशी पोरं मागे राहिलेली असतात, कोणीतरी पत्ते काढतंच.

मला विचाराल तर पहिलं वर्ष वोनहाइम, पण सामाईक स्वयंपाकघराचं. स्वतंत्र किचन असलेली एकट्याची खोली मागू नका. तिथे ना घरची सोबत, ना जर्मन. नंतर इथेच नोकरी करायची असेल तर दुसऱ्या वर्षी वेगे, आणि शक्यतो जिथे दुसरा भारतीय नाही अशी. जर्मनची बी-२ परीक्षा (बऱ्यापैकी बोलता येण्याची पातळी) आधीच झाली असेल आणि ओळखीचं कोणी तिथे असेल, तर सरळ वेगेत गेलात तरी चालेल.

कुकर दोन्हीकडे लागतोच. फक्त वेगेत पहिली शिट्टी व्हायच्या आधी बाकीच्यांना सांगून ठेवा. आमच्याकडे एक जण टॉवेल गुंडाळून बाथरूममधून थेट जिन्यात पळाला होता.